पारगावच्या पुलावरचा कोळसा

मला कशाचं भ्या वाटत न्हाई, असं मी समद्यांना सांगत आले. दौंडच्या मालधक्क्यावर चहाची टपरी चालवायची तर बाईला असं सांगावंच लागतं, न्हाईतर लोक डोक्यावर बसत्यात. पर त्या दिवशी सकाळी म्हाळूचा फोन आला आन् हातातलं पातेलं मला खाली ठेवावं लागलं.

म्हाळू माझा धाकटा भाऊ. बायकोसंगट शिरूरला राहतो, ट्रेलर चालवतो. एरवी फोन केला की आधी माझी टिंगल करतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी टिंगल न्हाई, काय न्हाई.

"आक्का, कुरकुंभला माल घिऊन निघालोय. आत्ता शिरूरच्या बायपासला हाय."

"कसला माल?"

"कोळसा."

"रेल्वेचा?"

"न्हाई. चंद्रपूरचा. डायरेक खाणीवरनं."

मी गॅस बंद केला. बाकड्यावरचं गिऱ्हाईक कुरकुरलं, त्याला म्हणलं, थांब जरा, चहाबिगर मरत न्हाईस.

आता ह्यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीबी म्हणंल. तर आमच्या दौंडची गोष्ट आधी ऐका. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांच्या बॉयलरला लागणारा कोळसा आजवर रेल्वेनं दौंडला यायचा. रेक, म्हंजी अख्खी मालगाडी, लागला की मालधक्क्यावर उतरवायचा, तिथनं आमच्या ट्रकांनी कुरकुंभला पोचवायचा. ट्रक नंबरानं भरायचे. ज्याचा नंबर त्यानंच भरायचं, मग तो पुढाऱ्याचा पोरगा असो न्हाईतर कालचा आलेला. ह्या नंबरावर आमची शेदोनशे घरं जेवत्यात, आन् माझी टपरीबी त्यावरच.

मग हे डायरेकवाले आले. ह्ये लांबलचक ट्रेलर. खाणीवर भरायचा आन् सरळ कंपनीच्या दारात ओतायचा. मधी रेल्वे न्हाई, मालधक्का न्हाई, हमाल न्हाई. रेक कवा येतोय म्हणून ताटकळायचं न्हाई, चारदा उचलून-टाकून कोळशाचा चुराबी हुत न्हाई. कंपनीवाल्यांना त्येच ग्वाड लागलं. आधी त्यांनी शिरूरकडच्या, रांजणगावच्या कंपन्या धरल्या. तिकडं आमचं काय नव्हतं, आम्ही गप बसलो. मग भीमा वलांडून आमच्या अंगाला यायला लागले. रेक कमी झाले. आमच्या गाड्या नंबरात उभ्या राहून त्यांच्याखाली कुत्री व्यायली.

तवा समद्यांनी मालधक्क्याजवळच्या खंडोबाच्या देवळीपुढं बेल-भंडारा उचलला. डायरेकचा कोळसा भीमेच्या अलीकडं येऊ द्यायचा न्हाई, आन् आपल्यातल्या कुणी त्या गाडीच्या स्टेरिंगला हात लावायचा न्हाई. ताट आमच्या मालकांनी धरलं हुतं. मालक म्हंजी माझा नवरा, नाव हनुमंत. मी घेत न्हाई, पर तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेतलं. आन् त्या ताटातला भंडारा उचलून आण घेणाऱ्यांत म्हाळूबी हुता, कारण तवा त्याचा ट्रक आमच्याच नंबरात हुता.

पुढं रेकची वाट बघून बघून तो कटाळला. ट्रक इकला आन् डायरेकच्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून बसला. एकदा इचारलंबी न्हाई कुणाला. त्या दिवसापासनं आमच्या घरात त्याचं नाव निघालं की मालक ताटावरनं उठायचे. मालधक्क्यावर लोक त्यांना टोचायचे, मेव्हण्याला आवरता येईना आन् आम्हाला आण देतोय. एका बैठकीत ह्यांनी सगळ्यांपुढं सांगून टाकलं, मेव्हणा पुलाच्या अलीकडं दिसला तर पयला हात माझा. विश्वजीत म्हणला, दुसरा माझा, ज्या हातानं भंडारा उचलला त्ये हात जाग्यावर ठेवायचं न्हाईत. विश्वजीत आमच्या नंबरातला तरणा गडी, बोलतो तसं करतो. त्याचं हे हाताचं बोलणं म्हाळूच्या कानावरबी गेलं हुतं. मागल्या महिन्यात त्यानं एका ट्रेलरची काच फोडली हुती. त्या ड्रायव्हरचा एक डोळा गेला. केस झाली, पर डोळा काय परत आला न्हाई.

"म्हाळ्या," मी फोनवर म्हणलं, "तुझं डोकं ठिकाणावर हाय का? मागं फिर."

"कसा फिरू? गाडी कुठं हाय ते ट्रान्सपोर्टवाल्याला मोबाईलवर दिसतंय. आजवर रांजणगावच करत हुतो की मी. आज त्यानं कुरकुंभ टाकलं."

"आज पारगावच्या पुलावर बसणार हायेत सगळे. मलाबी पुढं बसवणार हायेत."

तो हळूच म्हणला, "दाजी?"

"तर. त्यांच्याबिगर व्हतंय व्हय."

"मग काय करू, आक्का?"

एवढा मोठा गडी, मिशा राखलेला, आन् आवाज बारक्या पोरासारखा. मला त्याचा राग आला आन् पोटातबी तुटलं. म्हणलं, "तोंड दाखवू नको. तुझ्यासंगट दुसरा ड्रायव्हर हाय न्हवं, त्याला चालवू दे. परका माणूस बघून शिव्या देतील आन् मागं पाठवतील. तू लप."

"केबिन तर पयली बघतील. ताडपत्रीखाली जातो. केबिनीच्या मागं कोळसा जरा खाली बसलाय, माणूस आडवा व्हतोय. ऊबबी हाय, आक्का. ल्हानपणी आपण मेंढरांत निजायचो, तशी."

मला बरं वाटलं. देवाशपथ सांगते, बरं वाटलं. आमच्या आबांची मेंढरं हुती तवा थंडीत आम्ही दोघं बहीणभाऊ कळपातच घोंगडी टाकून पडायचो. मेंढरांत निजलेल्या पोराला काय हुतंय, असं म्हणून मी फोन ठेवला.

बायकांना पुढं बसवायचं ही आनंदराव आप्पांची युक्ती. आप्पा आमच्या संघटनेचे अध्यक्ष, धोतर-टोपीतला शांत माणूस. पोलीस बायकांना हात लावत न्हाईत, म्हणून बायका रस्त्यात आन् गडी मागं सावलीला. शूरपणा बघा. मी एरवी ह्यावर दोन गोष्टी ऐकवल्या असत्या, पर त्या दिवशी मुकाट टेम्पोत चढले.

टेम्पोत धुरपदामावशी माझ्याशेजारी हुती. मालधक्क्यावर कोळसा झाडून जन्म गेलेली बाई, डोळं लय तिखट.

"गिते, त्वांड का उतरलंय तुझं?"

"ऊन लागलंय."

"अजून ऊन कुठं पडलंय?"

मी पदर डोक्यावर वढला आन् बाहेर बघत बसले. उसाच्या गाड्या जात हुत्या. मला प्रत्येक गाडीत म्हाळूच दिसत हुता.

पारगावचा पूल म्हंजी भीमेवरचा. पल्याड शिरूर तालुका, न्हावऱ्याकडनं रस्ता येतो. अल्याड आमचा दौंड. अल्याडच्या तोंडाला आम्ही सतरंजी टाकून बसलो. पुढं दगडं मांडली. मागं बाभळीखाली गडी, कुणाच्या हातात काठी, विश्वजीतच्या हातात ऊसतोडीचा कोयता. आप्पा त्याला म्हणले, ते कशाला आणलंस. तो म्हणला, असू द्या, लागला तर. मालक त्याच्या बाजूलाच उभे हुते. माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यांनी.

मी मनात म्हणत हुते, ट्रेलर पंक्चर होऊ दे. इंजिन बंद पडू दे. न्हाईतर म्हाळूला बुद्धी होऊ दे आन् तो न्हावऱ्यालाच उतरू दे. खंडोबाला म्हणायची मात्र लाज वाटत हुती. त्याची आण मोडणाऱ्यासाठी त्यालाच काय सांगायचं.

ट्रेलर आला. निळी केबिन, मागं उंच कोळशाचा ढीग, वरनं काळी ताडपत्री, दोर चांगले ताणून बांधलेले. स्टेरिंगवर बिहारकडचा एक वाळका माणूस. आम्हाला बघून त्यानं गाडी थांबवली. गडी काठ्या घेऊन धावले तसा तो खाली उतरला, हात जोडले, "भैया, हम तो नौकर आदमी हैं," एवढंच म्हणला. विश्वजीतच्या हातातला कोयता त्याला दिसला मात्र, वळला आन् पुलावरनं पल्याड न्हावऱ्याच्या दिशेनं जो पळाला, तो दिसंनासाच झाला. सगळे हसले. मला हसायला आलं न्हाई. म्हाळू कुठं हाय हे जाणणारा दुसरा माणूस गेला हुता, आता मी एकटीच उरले हुते.

विश्वजीत केबिनीत चढला. सीटमागनं एक बॅग काढली, पाण्याच्या बाटल्या काढल्या, मग खाली वाकून चपलांचा एक जोड बाहेर फेकला. म्हाळूच्या चपला. त्याचा डावा अंगठा वाकडा हाय, त्यामुळं डाव्या चपलेला कायम आतनं भोक पडतं. मी त्या लांबूनच ओळखल्या.

"तो तर चपला घालून पळाला," विश्वजीत म्हणला. "ह्या कुणाच्या? दुसरा कोण हुता गाडीत?"

मालकांनी चप्पल पायानं उलटी केली आन् बघत राहिले. त्यांना वळखू आल्या का न्हाई, मला आजबी सांगता येत न्हाई.

"क्लीनर असंल," मी बसल्या जागेवरनं म्हणलं. "तुमच्या काठ्या बघून वाटंतच उतरला असंल. तुम्ही काय कमी शूर हाय का."

बायका हसल्या. गडी चिडले, पर चपलांचा इषय तिथंच राहिला. विश्वजीतनं गाडीखाली वाकून बघितलं, चाकांमागं बघितलं. वर ताडपत्रीकडं कुणी बघितलं न्हाई. मी पदर तोंडात धरून बसले हुते.

मग आप्पांचे फोन सुरू झाले. कंपनीचा माणूस म्हणला ट्रान्सपोर्टवाल्याशी बोला, ट्रान्सपोर्टवाला म्हणला मीटिंगमधी हाय. ऊन चढलं. मी मोबाईल पदराखाली घेऊन म्हाळूला लिवलं, 'हलू नकोस, मी हितंच हाय.' मेसेज पोचला, पर त्यानं वाचल्याची खूण येईना. फोन लावावा तर रिंग वाजली की संपलंच. मी बटनावर अंगठा ठेवायची आन् काढायची. न्हाई वाचला तर न्हाई, झोपला असंल, रातभर गाडी हाकलीय, असं मी मला समजावलं.

धुरपदामावशीच आधी म्हणली. नाक वर करून दोनदा हुंगलं आन् म्हणली, "कोळसा तापलाय."

ट्रेलरच्या मागल्या फाळक्याच्या कोपऱ्यातनं बारीक धूर येत हुता. मालधक्क्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत न्हाई. कोळसा वला भरला आन् लय दिवस दाबून ठिवला की आतल्या आत तापतो, धुमसतो. चंद्रपूरकडं अवकाळी झाला हुता म्हणं. त्या वक्ताला मला म्हाळूचं फोनवरचं बोलणं आठवलं. ऊबबी हाय, आक्का. ती ऊब कसली हुती ते मला तवा कळलं.

आन् आमची माणसं बघा. भांडण कुणाशी, माल कुणाचा, समदं विसरली. कोळसा पेटताना बघून आमचा माणूस उभा राहूच शकत न्हाई, हातच शिवशिवत्यात. आन् तापलेल्या कोळशाला पाणी मारायचं नसतं, वारा तोडायचा असतो, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठावं.

"ताडपत्री आवळा," मालक वरडले. "कडा दाबा. कुठनं वारा जाऊ देऊ नका."

दहाजण ट्रेलरला चिकटले. काठ्या टाकल्या, दोर वढले. कुणी रस्त्याकडंची माती घमेल्यानं आणून कडंला दाबायला लागलं. विश्वजीत केबिनीच्या मागल्या बाजूला चढून पाय लावून दोर ताणत हुता. ताडपत्री ढोलकीच्या कातड्यासारखी ताठ झाली. इतकं झटून काम तर मालधक्क्यावरबी बघितलं न्हाई मी. आन् त्या कामाखाली माझा भाऊ हुता.

मागं रखमाजी हमाल असाच झाकलेल्या ढिगात शिरला हुता, राहिलेलं फावडं काढाया. बाहेर काढला तवा अंगावर वरखडा न्हाई, भाजलं न्हाई, पर जीव न्हाई. तापलेल्या कोळशाच्या झाकणाखाली हवाच उरत न्हाई, जी असती ती इख असती. म्हाळूला हे कळत नव्हतं का? कळत हुतं. पर भ्यालेल्या माणसाला आधी समोरचं भ्या दिसतं.

मी त्या ताडपत्रीकडं बघत राहिले. आता लाथ मारंल, आता वरडंल, आता तरी. काय हाललं न्हाई. मला वरडायचं हुतं. सांगितलं तर ही माणसं हायेत, कोयता हाय, मालक हायेत. न्हाई सांगितलं तर तो हितंच, माझ्या डोळ्यांपुढं, माझ्याच लोकांच्या हातनं. दोन्हीकडनं मरणच, आन् निवड माझ्यावर आली हुती. मी जिनगीत इतकी कवाच भ्याले न्हवते.

उठले. दगडांवरनं कशी गेले ठावं न्हाई. मालकांच्या हातातला दोर धरला.

"सोडा."

"काय?"

"दोर सोडा. आत म्हाळू हाय."

आजूबाजूची माणसं थांबली. कुणीतरी हळू आवाजात इचारलं, काय म्हणली ती. मी परत म्हणलं, आता मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हाळू हाय आत. मी लपाया सांगितला. मारायचं तर मला मारा, आधी त्याला काढा."

कुणी हालंना. एवढ्याशा वेळात मी सगळ्यांची तोंडं बघून घेतली, आन् कोण काय करंल ते एकाच्याबी तोंडावर दिसंना. मग मालकांनी दोर सोडला. "कोयता," म्हणले. विश्वजीतनं वरनं कोयता पुढं केला. तो त्यानं कशासाठी आणला हुता ते मला ठावं हुतं, म्हणून त्या क्षणीबी मी डोळं मिटलं. उघडलं तवा मालक चाकावर पाय देऊन वर गेले हुते आन् दोघं मिळून दोर तोडत हुते.

ताडपत्री फाडली तशी आतनं वाफेसारखा धूर निघाला, दोघंबी खोकत मागं सरले. मग मालकांनी तोंडाला रुमाल बांधला आन् कोळशात हात घातला. आधी एक पाय दिसला, अनवाणी. मग त्याला वढून फाळक्यावर घेतला आन् खालच्या माणसांनी झेलला. काळाठिक्कर, मान लुळी. सतरंजीवर आडवा केला. मी त्याच्या छातीला कान लावला, मला माझ्याच काळजाची धडधड ऐकू येत हुती, त्याची कळंना.

धुरपदामावशी तळपाय चोळायला लागली. आप्पा अँब्युलन्सला फोन लावत हुते आन् पत्ता सांगताना अडखळत हुते. बायका पदरानं वारा घालत हुत्या. विश्वजीत त्याच्या उशाला गुडघ्यावर बसला, म्हाळूचे दोन्ही हात मनगटाला धरून डोक्यावर न्यायचा आन् छातीवर दाबायचा, परत न्यायचा. कुठं शिकला कुणास ठावं. त्याच्या डोळ्यातनं पाणी गळत हुतं, धुरानं असंल न्हाईतर कशानं. "घे श्वास, घे रे," असं तो सारखं पुटपुटत हुता. मालक नुसते उभे. त्यांच्या हाताला भाजलं हुतं, त्यांना कळलंबी नव्हतं.

किती वेळ गेला त्ये इचारू नका. मी मनातनं त्याच्या बायकोला, स्वप्नालीला, काय सांगायचं ते जुळवत हुते आन् पयल्याच शब्दाला अडत हुते.

मग म्हाळू खोकला. काळं पाणी आलं तोंडातनं. परत खोकला आन् श्वास वढला, आरीनं लाकूड कापावं तसा आवाज. बायका रडायला लागल्या. आप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. विश्वजीत हसला, खरंच हसला, आन् म्हाळूच्या तोंडावर वाकून म्हणला, "आलास रे, गड्या."

म्हाळूनं डोळं उघडलं. वर बघितलं तर विश्वजीत, दाजी, आप्पा, भोवती सगळा मालधक्का. आन् आपले हात कुणीतरी मनगटाला धरलेत.

त्यानं हात हिसकून घेतले आन् दोन्ही काखेत खुपसले. मान छातीत घातली. "दाजी, मारू नका," असं म्हणायला लागला. आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हालत हुते, पर समद्यांना कळलं. "चुकलं, दाजी. हात नका."

"अरं, कोण मारतंय तुला," मालक म्हणले आन् खाली बसले. ते जवळ आले तसा तो मागं सरकला. आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं. म्हाळ्या, बरं हाय, कुणी काय करत न्हाई, अँब्युलन्स येतीय. विश्वजीत हात जोडून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. म्हाळूच्या काय डोक्यात शिरंना. तो पालथा झाला आन् कोपरांवर रांगत ट्रेलरकडं निघाला, हात काखेतच. फाडलेली ताडपत्री फाळक्यावरनं खाली लोंबत हुती, अजून तिच्यातनं धूर येत हुता. तिथवर पोचला, तिचं टोक दातात धरलं आन् अंगावर वढून घ्यायला लागला.

मी त्याच्या सदऱ्याला मागनं धरलं आन् तिथंच बसले. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्याला धरून हुते, आन् तो माझ्या हातातनं सुटून आत जायला बघत हुता.